अवलंबून असलेल्या व्यक्ती

कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती अकरा वर्षं कामाला होती. कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या, चार टेबलं, एक भट्टी आणि सगळ्यावर बसलेली प्लॅस्टरची पांढरी धूळ. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या हिरड्यांचे ठसे पाठवायचे. त्यावरून ती साचा काढायची, मेणात एकेक दात बसवायची, घासूनपुसून चकचकीत केलेली कवळी डबीत घालून परत पाठवायची. हात तिचा सुरेख होता. मालक म्हणायचा, "हिनं बसवलेले दात माणूस गेल्यावरही हसत राहतील."

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. नवरा अडीच वर्षांपूर्वी निघून गेला होता. तो मालधक्क्यावर क्रेन चालवायचा. बदली झाली म्हणून दोन तासांवरच्या शहरात खोली घेतली. आधी दर शनिवारी यायचा, मग महिन्यातून एकदा, मग एक दिवस फोन आला की आता येणार नाही. तिथं एक बाई होती. पुढं कळलं की मुलगीही झाली. घटस्फोटाचं ना त्यानं काढलं, ना हिनं. वकिलाकडं जायला रजा कुणी टाकायची, तिथपासूनच सगळं अडलेलं होतं.

सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "मी कशाला जाऊ त्याच्या मागं? मला इथली सवय आहे," एवढंच म्हणाल्या. ही सवय साधीसुधी नव्हती. सासूबाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्या आणि पुढच्या चार वर्षांत काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. खिडकीकडचा उजेड तेवढा कळायचा. पण त्या घरात त्या आंधळ्या नव्हत्या. तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एकोणीस वर्षं काढलेली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याचा एक टवका उडाला होता, तो पायाला लागला की डावीकडं वळायचं. ओट्याच्या कडेला हात सरकवत गेलं की चौथ्या वितीला शेगडी. सकाळचा चहा त्या करायच्या, कपड्यांच्या घड्या त्या घालायच्या, नळाला पाणी आलं की पाइपच्या खरखरीवरून सगळ्यांत आधी त्यांना कळायचं. संध्याकाळी दाराच्या पायरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला चालीवरून ओळखायच्या. "काय हो, गुडघा धरला का आज?" असं एखाद्याला विचारलं की तो चपापायचा.

मग घरमालक आला. माणूस वाईट नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसून, चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाला, "मी आता लेकीकडं राहायला जातोय. घर विकायचं आहे. पण पहिला हक्क तुमचा. तीन महिने थांबतो."

तो गेल्यावर सासूबाईंनी त्याचा कप उचलून ठेवला. मग म्हणाल्या, "घेऊ या आपण."

"कशावर घेणार, आई? माझ्या पगारावर?"

"लोक घेतात ना कर्ज. विचारून तर ये."

बँकेसमोर एक झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून एक माणूस लोकांच्या कर्जाच्या फायली तयार करून द्यायचा. त्याला सगळे फाइलवालाच म्हणायचे. त्यानं तिचा पगाराचा दाखला पाहिला आणि तोंडानं च्च केलं.

"एकटीच्या पगारावर बसणार नाही, ताई. मिस्टर काय करतात?"

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. फाइलवाला ऐकत होता आणि मान हलवत होता, जणू असल्या गोष्टी त्याच्याकडं रोजच्याच.

"म्हणजे कागदोपत्री नवरा आहे ना? मग झालं तर. दोघांच्या नावानं अर्ज टाकू."

"पण ते इथं राहत नाहीत."

"कामानिमित्त बाहेरगावी असतात. खोटं आहे का?"

"नाही, पण..."

"खोटं काही लिहायचं नाही, ताई. फक्त सगळं लिहायचं नाही."

अर्जात एक रकाना होता: अवलंबून असलेल्या व्यक्ती. फाइलवाल्यानं त्यात स्वतःच शून्य लिहिलं. "सासूबाईंना पेन्शन आहे, म्हणजे त्या कुणावर अवलंबून नाहीत. डोळ्यांचं काही काढू नका. आजारपण दिसलं की हे लोक खर्च धरतात." मुलीचा तर प्रश्नच नव्हता. ती मुलगी या घरातली नव्हतीच.

नवऱ्याला फोन करायला तिनं दुपारची वेळ निवडली, जेवणाची सुट्टी असते म्हणून. पलीकडं लोखंड आदळल्याचे आवाज येत होते. तो लगेच तयार झाला. इतक्या लगेच, की तिनं मनात जुळवून ठेवलेली पुढची वाक्यं तशीच राहिली.

"घर दोघांच्या नावावर होईल ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग पाठव कागद. आईसाठी एवढं करायलाच पाहिजे."

तिनं सही केली, त्यानंही केली. पंधरा दिवसांनी बँकेतून फोन आला की रविवारी सकाळी घर बघायला माणूस येईल, दोघांनी हजर राहावं.

रविवारी नवरा आठच्या आधीच आला. हातात एक पिशवी, त्यात दोन शर्ट, दाढीचं सामान आणि जुने बूट. फाइलवाल्यानंच सांगितलं होतं म्हणे, पुरुषाच्या वस्तू दिसल्या पाहिजेत. त्यानं बूट दाराशी ठेवले, शर्ट खुंटीला लावले, ब्रश तिच्या ब्रशशेजारी उभा केला. ती स्वयंपाकघरातून बघत होती. अंगानं तो सुटला होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. हा कुणाच्या तरी दुसऱ्याच घरात म्हातारा होतोय, असं तिच्या मनात आलं.

सासूबाई पायरीवर होत्या. पावलांचा आवाज त्यांनी कोपऱ्यावरूनच ओळखला असणार, पण "आलास?" यापलीकडं बोलल्या नाहीत. तोच जवळ जाऊन बसला.

"आई, डोळे कसे आहेत?"

"आहेत जागच्या जागी."

दहा वाजता बँकेची पडताळणीवाली आली. तिशीची बाई, काखेत हेल्मेट, नाक सर्दीनं लाल झालेलं. अशी किती घरं ती रोज बघत असेल कोण जाणे. खुर्चीवर बसल्या बसल्या तिनं कागद गुडघ्यावर घेतला आणि विचारायला लागली. किती वर्षं राहता, खोल्या किती, गळती आहे का. सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या. काठोकाठ भरलेला, एक थेंब सांडला नाही. पडताळणीवाली "थँक यू, आजी" म्हणाली. तिला काहीही कळलं नव्हतं.

"विजेचं बिल दाखवता?"

"हो हो," म्हणत तो उठला आणि कपाटाशी जाऊन उभा राहिला. वरचं दार उघडलं. तिथं चादरी होत्या. खालचं उघडलं. तिथं भांडी. ती उठणार एवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "अरे, रेडिओखाली बघ, डावीकडं. दर वेळी विसरतोस."

दर वेळी. ती सासूबाईंकडं बघत राहिली. चेहरा शांत, आवाज ऑपरेटरचा, सरळ आणि स्वच्छ. या घरासाठी त्या काहीही करायला तयार होत्या, हे तिला तेव्हा नीट कळलं.

"मुलं किती?" पडताळणीवालीनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मूलबाळ काही नाही."

तेवढ्यावर थांबला असता तर सगळं पार पडलं असतं. पण पडताळणीवालीनं सहज मान वर करून पाहिलं आणि त्याला वाटलं असावं की आणखी काहीतरी बोलायला हवं. त्यानं हिच्या खांद्यावर हात ठेवला.

"दोनदा आशा लागली होती. पण नाही टिकलं. हिनं फार मनाला लावून घेतलं. आता आम्ही तो विषयच काढत नाही."

ते खरं होतं. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी एकदा, पाचव्या वर्षी एकदा. दुसऱ्या वेळी तो दवाखान्यात आलाही नव्हता, सासूबाई आल्या होत्या. त्या दोन गोष्टी तिनं इतक्या खोल ठेवल्या होत्या की स्वतःही कधी काढून बघत नसे. आणि हा त्या काढून, धूळ झटकून, एका परक्या बाईसमोर ठेवत होता, विजेच्या बिलासारख्या.

"मूल आहे," ती म्हणाली.

पडताळणीवालीचं पेन थांबलं.

"मुलगी आहे. सव्वा वर्षाची. त्यांची आहे, माझी नाही. ते इथं राहत नाहीत. अडीच वर्षं झाली. हे बूट आज सकाळी आणलेत."

 मग तो हसला. "अहो, ती गंमत करतेय. आमचं जरा भांडण झालंय सकाळी."

पडताळणीवाली त्याच्याकडं बघत नव्हती. तिनं खुर्ची जराशी सासूबाईंकडं वळवली. "आजी, तुम्ही सांगा. तुमचा मुलगा इथं राहतो?"

"राहतो," सासूबाई म्हणाल्या. "इथंच राहतो. सुनेला बरं नाही आज."

"मग एवढं वाचा आणि इथं सही करा. कुटुंबातल्या मोठ्या माणसाची लागते."

तिनं कागद पुढं केला. सासूबाईंनी हात लांबवला. हात कागदाच्या वीतभर बाजूनं गेला, रिकाम्या हवेत थांबला, परत आला, पुन्हा गेला. पडताळणीवालीनं कागद हळूच त्यांच्या बोटांत दिला आणि लगेच परतही घेतला.

"राहू दे, आजी," ती म्हणाली. आवाज मऊ होता, त्यामुळं जास्तच लागला. हेल्मेट उचलून दाराशी गेल्यावर ती हिला म्हणाली, "मला हे लिहावं लागेल. नाइलाज आहे."

ती गेल्यावर त्यानं शर्ट पिशवीत कोंबले. ब्रश विसरला. "तुला पोसायला, तुझ्या डोक्यावर छप्पर यावं म्हणून मी माझ्या पोरीला नाही म्हणालो," तो म्हणाला, "आणि तू माझी लाज काढलीस."

"पोसलंस कधी?"

तो आईच्या पाया पडायला वाकला, पण सासूबाईंनी पाय आखडून घेतले. दार आपटून तो गेला. सासूबाई तिथंच बसून होत्या, हात गुडघ्यांवर.

"आई," ती म्हणाली.

"चहा टाक," सासूबाई म्हणाल्या. गेल्या कित्येक वर्षांत चहा टाक असं त्यांनी तिला सांगितलं नव्हतं.

दहा दिवसांनी बँकेनं बोलावलं. कर्जाच्या खिडकीमागचे साहेब वयस्क होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी फाइल उघडली, मिटली.

"तुम्ही शेवटी खरं सांगितलंत, हे बरंच केलंत," ते म्हणाले. "पण तुमची सही त्याच्या आधीची आहे. अर्जावर सगळं चुकीचं, आणि खाली तुम्ही लिहून दिलंय की वरील माहिती खरी आहे."

"मला त्या माणसानं सांगितलं तसं..."

"सगळ्यांना कुणीतरी सांगितलेलंच असतं, बाई."

ती उठणार होती. पण उगाचच विचारलं, "मी पहिल्याच दिवशी एकटी आले असते तर? सगळं खरं सांगून?"

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. कदाचित त्यांनी तेव्हा थाप मारली असती तर बरं झालं असतं. पण ते सरळमार्गी होते.

"सासूबाईंची पेन्शन जोडून धरता आली असती. मुदत जास्त लावली असती, हप्ता ओढाताणीचा झाला असता. पण बहुतेक झालं असतं. आता शेरा पडला. तीन वर्षं तरी कुठलीच बँक उभं करणार नाही."

ती बाहेर आली. समोर झेरॉक्सच्या दुकानात फाइलवाला एका नवरा-बायकोला काहीतरी समजावत होता. तिनं रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं, मग मागं घेतलं. त्याच्याशी भांडून काय मिळणार होतं? शून्य त्यानं लिहिलं होतं, पण सही तिची होती.

घरी जाऊन तिनं एवढंच सांगितलं, "नाही म्हणाले." पेन्शनचं काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. बँकेनं त्याच्या कामाच्या ठिकाणी चौकशी केली होती आणि तिथून ती गोष्ट त्याच्या खोलीपर्यंत पोचली होती. त्या बाईला त्यानं सांगितलं होतं की आपला घटस्फोट झालाय. ती मुलीला घेऊन भावाकडं निघून गेली होती.

"माझं घर मोडलंस तू," तो म्हणाला.

"कुठलं?" तिनं विचारलं आणि फोन ठेवला.  त्या दिवशी तिनं एका कवळीचे पुढचे चार दात तीनदा बसवले, तीनदा काढले. त्या सव्वा वर्षाच्या मुलीचा विचार डोक्यातून जात नव्हता. तिचा काय दोष होता?

घरमालकानं तीन महिन्यांवर वीस दिवस जास्त दिले. मग गिऱ्हाईक आलं आणि घर गेलं. परवडणारी खोली मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, एकच, कोपऱ्यात ओटा, संडास त्याच मजल्यावरच्या लांब बोळाच्या टोकाला. सामान हलवलं त्या दिवशी सासूबाई रिकाम्या घरात भिंतींना हात लावत एकदा फिरल्या. उंबऱ्याशी जरा थांबल्या. रडल्या वगैरे नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "पंखा बंद केलास ना?"

नव्या खोलीत त्या आंधळ्या झाल्या. पहिल्याच आठवड्यात शेगडीवर मनगट भाजलं. शेगडीला हात लावायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं. मग बोळात एकटं जायचं नाही, असंही ठरलं. सकाळी साडेआठला ती कामावर जायची, त्याआधी सासूबाईंना संडासला नेऊन आणायची. दुपारसाठी पाणी, जेवणाचा डबा आणि एक बादली हाताशी ठेवायची. सासूबाई दिवसभर खाटेवर बसून असायच्या. खाली रस्ता होता, पण तिसऱ्या मजल्यावर कुणाची चाल ऐकू येत नाही.

दीड महिन्यानं त्या पडल्या. बादली वापरायची लाज वाटली म्हणून भिंत धरून बोळात निघाल्या होत्या. भिंत जिथं संपत होती तिथं जिन्याची तोंडाची पायरी होती. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात दोन आठवडे काढून परत आल्या त्या आडव्याच. डॉक्टर म्हणाले, या वयात परत चालतील असं सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे काय, ते दोघींनाही कळलं.

मालकाला सांगून तिनं दुपारनंतरचं काम घरी आणायला सुरुवात केली. खाटेशेजारी स्टूल, स्टुलावर साचा, मेण आणि छोटा दिवा. मेण तापल्याचा वास खोलीभर व्हायचा. अशाच एका दुपारी ती दाढा बसवत असताना सासूबाई म्हणाल्या, "एक विचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी का बोललीस? खोटं बोलवेना म्हणून?"

तिच्या हातातली सुरी थांबली. हो म्हणता आलं असतं. सगळ्यांना तसंच वाटत होतं. कारखान्यातल्या बायका तिला म्हणायच्या, तुझ्यासारखा खरेपणा आमच्यात नाही बाई.

"नाही," ती म्हणाली. "राग आला म्हणून. त्यानं माझी ती दोन..." पुढचं बोलवलं नाही. "त्यानं ते वापरलं, त्याचा राग आला. त्यानं तेवढं म्हटलं नसतं तर मी गप्प बसले असते. पोरीला नाही म्हणाला, तेही मी गिळलं होतं."

सासूबाईंनी मान भिंतीकडं वळवली.

"आणि अजून एक आहे," ती म्हणाली. एकदा सुरुवात केल्यावर थांबता येईना. "बँकेतले साहेब म्हणाले होते, सुरुवातीलाच एकटी आले असते, सगळं खरं सांगितलं असतं, तर तुमची पेन्शन धरून कर्ज झालं असतं. बहुतेक झालं असतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."



"म्हणजे मीही उगाचच खोटं बोलले," सासूबाई म्हणाल्या. "राहतो म्हणाले. तीस वर्षं फोनवर बसले, कधी कुणाला चुकीचा नंबर लावून दिला नाही."

त्यानंतर चार दिवस त्या काही बोलल्या नाहीत. पाणी पुढं केलं की प्यायच्या, कूस बदलून दिली की बदलून घ्यायच्या. तिला वाटलं, आता या घरात बोलणं संपलं. रागावल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. ती साचे घासत राहायची आणि धूळ चादरीवर बसू नये म्हणून मधूनमधून पदरानं खाट झटकायची.

पाचव्या दिवशी दुपारी सासूबाई आपण होऊन बोलल्या.

"ही खोली कशी आहे? तू कधी सांगितलंच नाहीस."

"चांगली आहे, आई."

"चांगली नको. आहे तशी सांग."

तिनं दिवा विझवला, हात पुसले आणि खाटेच्या कडेवर बसली. "दारातून आत आलं की उजवीकडं ओटा आहे," ती म्हणाली. "त्याच्या वर भिंतीला ओल आलीय. हातभर लांब. काळी पडलीय. खिडकी एकच, तिची एक काच फुटलेली आहे, तिथं मी पुठ्ठा लावलाय."

"बाहेर काय दिसतं?"

"समोरच्या इमारतीची मागची भिंत. पाइप."

"आकाश?"

तिनं वाकून खिडकीतून वर पाहिलं. "नाही दिसत," ती म्हणाली.

सासूबाईंनी हुंकार दिला. "बरं. मग जिना सांग. किती पायऱ्या आहेत?"